जिन्यातील दिव्यासाठी दोन मिनिटांचा विलंब-टायमर : भारापासून मागे येत केलेली रचना

लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत जिन्यातील दिवे संध्याकाळी कोणीतरी लावतो आणि सकाळी कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत ते जळत राहतात. यावरचा उपाय जुना आहे. प्रत्येक मजल्यावर एक बटण असावे, कोणतेही बटण दाबले की जिन्यातील सर्व दिवे लागावेत आणि ठरावीक वेळाने आपोआप विझावेत. असे तयार टायमर बाजारात मिळतात. तरीही हे सर्किट स्वतः आखून पाहावे असे मला वाटते, कारण छोटा विद्युतप्रवाह, मोठा भार (म्हणजे चालवायचे दिवे) आणि वेळ या तिन्ही गोष्टींचा मेळ कसा घालायचा हे त्यातून जितके नीट कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या सर्किटातून कळते.

बहुतेक जण अशा रचनेची सुरुवात आयसीपासून, म्हणजे चिपमध्ये बसवलेल्या तयार सर्किटापासून, करतात, सूत्रात आकडे घालतात आणि काम झाले असे मानतात. सूत्र हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. सर्किट फसते ते दिवे, रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच), बटणाची लांबलचक वायर आणि गळका कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) या ठिकाणी. म्हणून येथे उलट क्रम घेतला आहे. आधी माणूस आणि भार, त्यानंतर भार चालू-बंद करणारा रिले, रिले ओढणारा ट्रान्झिस्टर, आणि शेवटी वेळ मोजणारा आयसी.

किती वेळ, कोणता भार

वेळ अंदाजाने ठरवू नये. इमारतीतील सर्वांत सावकाश चढणाऱ्या व्यक्तीला, हातात पिशवी असताना, तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे आणि त्यात चतुर्थांश वेळ वाढवावी. ९५ सेकंद लागत असतील तर १२० सेकंद योग्य ठरतात. पुढील सर्व गणित १२० सेकंदांचे आहे.

भार म्हणून ९ वॅटचे पाच एलईडी बल्ब धरू. एकूण ४५ वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ०.२ अँपिअर. मात्र स्वस्त एलईडी बल्बचा पॉवर फॅक्टर (खेचलेल्या प्रवाहापैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण) ०.५ च्या आसपासही असू शकतो, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह ०.४ अँपिअर धरणे शहाणपणाचे. हा आकडा पाहून लहानसा १ अँपिअरचा रिले पुरेल असे वाटते, आणि येथेच पहिली चूक होते. एलईडी बल्बच्या आत एक कपॅसिटर असतो, जो दिवा लागण्याच्या क्षणी रिकामा असतो आणि स्वतःला भरून घेण्यासाठी क्षणभर नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचतो. पाच बल्ब एकाच वेळी हे करतात. लहान रिलेचे संपर्क अशा झटक्यांनी हळूहळू वितळून एकमेकांना चिकटतात आणि मग टायमर कितीही अचूक असला तरी दिवे विझत नाहीत. म्हणून २५० व्होल्ट एसी, १० अँपिअर असे अंगावर छापलेला रिलेच घ्यावा. किमतीतला फरक किरकोळ असतो.

रिले आणि तो ओढणारा ट्रान्झिस्टर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत १२ व्होल्टचा चौकोनी लहान रिले मागितला तर साधारणपणे ४०० ओहम कॉइलचा रिले हाती येतो. १२ व्होल्टला ४०० ने भागले की कॉइलचा प्रवाह ३० मिलिअँपिअर येतो. घेतलेल्या रिलेची कॉइल मल्टीमीटरने मोजून हा आकडा पडताळून घ्यावा, कारण पुढचा हिशेब त्यावर उभा आहे.

एवढा प्रवाह वेळ मोजणारा ५५५ आयसी स्वतःच देऊ शकतो, कारण त्याच्या आउटपुटची क्षमता २०० मिलिअँपिअरपर्यंत असते. तरीही मध्ये ट्रान्झिस्टर घालावा असे मी आग्रहाने सांगेन. रिलेची कॉइल बंद होताना तिच्यातील चुंबकीय ऊर्जा उलट्या दिशेचा मोठा व्होल्टेज झटका देते, आणि तो थेट आयसीच्या पायावर आला तर आयसी पुन्हा ट्रिगर होणे (बटणाविना चालू होणे), अडकून बसणे किंवा कायमचा बिघडणे असे प्रकार घडतात. शेवटी बदलावा लागलाच तर ट्रान्झिस्टर बदलणे परवडते.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेसला दिलेला छोटा प्रवाह कलेक्टर ते एमिटर वाहणारा मोठा प्रवाह चालू-बंद करतो. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर कलेक्टरमधून १०० मिलिअँपिअर सोसतो, म्हणजे ३० मिलिअँपिअर त्याला सहज झेपतात. तो अर्धवट चालू न राहता पूर्ण चालू व्हावा यासाठी बेसला कलेक्टर प्रवाहाचा निदान विसावा भाग द्यावा, म्हणजे १.५ मिलिअँपिअर. ५५५ चे आउटपुट वर असताना १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर साधारण १०.५ व्होल्ट मिळतात. त्यातून बेसचे ०.७ व्होल्ट वजा केले आणि १.५ मिलिअँपिअरने भागले की सुमारे ६.५ किलोओहम येतात. ही वरची मर्यादा आहे, म्हणून त्याहून कमी असलेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर निवडावा. बेसचा प्रवाह मग २ मिलिअँपिअरच्या थोडा वर जातो.

कॉइलला समांतर १एन ४००७ डायोड जोडावा, त्याची पट्टीची बाजू १२ व्होल्टच्या धन टोकाला यावी. डायोड उलटा बसला तर ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा त्या दोघांतून शॉर्ट होतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. सोल्डरिंग करण्याआधी ही एक जागा दोनदा पाहावी.

५५५ का

केवळ एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर घेऊनही विलंब साधता येतो. पण कपॅसिटरवरील व्होल्टेज हळूहळू बदलते तसा ट्रान्झिस्टरही हळूहळू बंद होतो, रिले धड सुटत नाही, थरथरतो, आणि वेळ त्या विशिष्ट ट्रान्झिस्टरच्या गेनवर (तो प्रवाह किती पट वाढवतो यावर) अवलंबून राहते. हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये आखलेल्या ५५५ आयसीमध्ये या अडचणीचा नेटका उपाय आहे. आत तीन सारख्या रेझिस्टरांची साखळी पुरवठ्याचे एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश असे दोन टप्पे पाडते, दोन कंपॅरेटर (व्होल्टेजची तुलना करणारे भाग) त्या टप्प्यांकडे लक्ष ठेवतात आणि आउटपुट एका झटक्यात वर किंवा खाली जाते. आयसीच्या पायांना पिन म्हणतात. पिन २ चे व्होल्टेज एक-तृतीयांशाखाली आले की आउटपुट वर जाते. कपॅसिटर दोन-तृतीयांशापर्यंत भरला, हे पिन ६ ला कळले, की आउटपुट खाली येते आणि पिन ७ कपॅसिटर रिकामा करून टाकते.

दोन्ही टप्पे पुरवठ्याच्या प्रमाणात असल्यामुळे १२ ऐवजी ११ व्होल्ट आले तरी वेळ जवळजवळ तीच राहते. अडॅप्टर अगदी अचूक व्होल्टेजचा असावा लागत नाही.

वेळेचे गणित आणि त्याबाहेरचा कपॅसिटर

शून्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरण्याचा काळ रोध गुणिले धारिता गुणिले १.१ इतका असतो. हा १.१ म्हणजे ३ या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम, १.०९८६, थोडा वर नेलेला. कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा धरला तर १२० सेकंदांसाठी रोध सुमारे २३२ किलोओहम येतो.

हेच १२० सेकंद १ मेगाओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेऊनही जवळपास मिळतात, आणि लहान कपॅसिटर स्वस्त पडतो. मीही सुरुवातीला तेच केले होते. खणात बरीच वर्षे पडलेला कपॅसिटर लावला आणि रिले सुटण्याची वाट पाहत बसलो. तो सुटलाच नाही. कारण असे की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थोडाफार गळतो, म्हणजे त्यात भरलेला विद्युतभार आतल्या आतच झिरपतो. दोन-तृतीयांश टप्प्यावर, म्हणजे ८ व्होल्टवर, रेझिस्टरवर केवळ ४ व्होल्ट उरतात आणि १ मेगाओहममधून फक्त ४ मायक्रोअँपिअर येतात. गळती तेवढीच असेल तर आत येणारे आणि झिरपणारे सारखे होते आणि कपॅसिटर ८ व्होल्टला कधीच पोहोचत नाही. २३२ किलोओहममधून त्याच क्षणी १७ मायक्रोअँपिअर येतात, त्यामुळे चांगल्या नव्या कपॅसिटरची एखाद-दुसऱ्या मायक्रोअँपिअरची गळती वेळ थोडी लांबवते, पण काम अडवत नाही. म्हणून रोध शक्यतो ३३० किलोओहमच्या वर नेऊ नये, कपॅसिटर नव्या मालातला आणि २५ व्होल्टचा घ्यावा, आणि शक्य असल्यास कमी गळतीचा मागावा.

दुसरी गोष्ट अचूकतेची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ४७० छापलेले असले तरी तो २० टक्के कमी किंवा जास्त असू शकतो. यासाठी २३२ किलोओहमचा एकच रेझिस्टर न शोधता १०० किलोओहमचा स्थिर रेझिस्टर आणि त्याच्या एकसरीत २२० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घ्यावा. एकूण रोध १०० ते ३२० किलोओहम होतो आणि वेळ सुमारे ५२ ते १६५ सेकंदांमध्ये कुठेही लावता येते. कपॅसिटर २० टक्के कमी निघाला तरी वरचे टोक १३२ सेकंदांवर राहते, जास्त निघाला तरी खालचे टोक ६२ वर. १२० दोन्ही वेळा आवाक्यात असतात. स्थिर रेझिस्टर टाळू नये, कारण प्रीसेट चुकून शून्यावर गेला तर पिन ७ थेट पुरवठ्याला जोडली जाते आणि आयसी जातो.

बटणांची वायर

सर्व मजल्यांवरची बटणे एकमेकांना समांतर जोडायची आणि दाबल्यावर त्यांनी बटणाची लाइन ऋण टोकाला, म्हणजे ग्राउंडला, टेकवायची. त्यामुळे सगळ्या इमारतीत दोनच तारा फिरतात आणि त्यांवर फक्त १२ व्होल्ट असतात. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या रचनेचे हे सर्वांत मोठे मोल आहे. ते टिकवायचे असेल तर या तारा २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपातून कधीही नेऊ नयेत. इन्सुलेशन एका जागी खरचटले तरी बटणावर फेज येऊ शकतो.

चार मजल्यांची तार अँटेनासारखीही वागते. शेजारचा पंप चालू झाला की तिच्यात क्षणिक झटका येतो आणि कोणी बटण न दाबता दिवे लागतात. म्हणून पिन २ ला १२ व्होल्टपासून १० किलोओहम द्यावा, बटणाची लाइन आणि पिन २ यांच्यामध्ये १ किलोओहम घालावा, आणि पिन २ पासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा डिस्क कपॅसिटर लावावा. बटण दाबल्यावर पिन २ वर सुमारे १.१ व्होल्ट उरतात, जे ४ व्होल्टच्या टप्प्यापेक्षा पुष्कळ खाली आहेत.

अंधारात बटण सापडावे म्हणून त्यात लहान एलईडी असावा ही अपेक्षा रास्त आहे, पण तो बटणाच्या दोन टोकांमध्ये लावू नये. त्याचा १ मिलिअँपिअर प्रवाहही त्याच १० किलोओहममधून येईल, तेथे १० व्होल्ट खर्च होतील आणि पिन २ कायम ट्रिगर झालेली राहील. त्यासाठी १२ व्होल्टची तिसरी तार फिरवावी आणि प्रत्येक एलईडी ४.७ किलोओहममधून त्या तारेवर स्वतंत्र जोडावा.

जोडणी

पिन ८ आणि पिन ४ धन १२ व्होल्टला, पिन १ ग्राउंडला. पिन ६ आणि ७ एकत्र करून त्या जोडावर ४७० मायक्रोफॅरडचे धन टोक आणून ऋण टोक ग्राउंडला द्यावे. त्याच जोडाला धन १२ व्होल्टपासून १०० किलोओहम आणि प्रीसेट यांची एकसरी यावी. पिन ५ पासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. पिन ३ पासून ४.७ किलोओहममधून बीसी ५४७ च्या बेसला. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर रिलेच्या कॉइलला, कॉइलचे दुसरे टोक धन १२ व्होल्टला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. आयसीच्या पिन ८ आणि १ यांना अगदी खेटून १०० नॅनोफॅरड आणि जवळच १०० मायक्रोफॅरड लावावा. सगळ्याला मिळून ५० मिलिअँपिअरच्या आसपासच लागतात, त्यामुळे १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर पुरून उरतो.

मधेच पुन्हा बटण दाबले तर

५५५ चे हे साधे रूप चालू असताना दुसऱ्या दाबण्याकडे लक्ष देत नाही. एकाने बटण दाबल्यावर ११० सेकंदांनी दुसरा माणूस जिना चढू लागला आणि त्याने बटण दाबले, तर त्याला दहाच सेकंद मिळतात आणि तो दुसऱ्या मजल्यावर अंधारात सापडतो. ज्येष्ठांच्या दृष्टीने हा दोष धोक्याचा आहे, म्हणून जिन्यासाठी पुढची भर मी आवश्यक समजतो.

बीसी ५५७ हा पीएनपी (बेस खाली ओढल्यावर चालू होणारा) ट्रान्झिस्टर घ्यावा. त्याचा एमिटर पिन ६-७ च्या जोडाला, कलेक्टर १०० ओहममधून ग्राउंडला, आणि बेस ४.७ किलोओहम व १एन ४१४८ डायोड यांच्या एकसरीतून बटणाच्या लाइनला जोडावा. डायोडची पट्टी बटणाकडे. ही जोडणी १ किलोओहमच्या बटणाकडील टोकाला करावी, पिन २ ला नव्हे. बटण दाबले की हा ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करतो आणि वेळ नव्याने सुरू होते. १०० ओहम असल्यामुळे रिकामे होतानाचा प्रवाह ८० मिलिअँपिअरच्या आत राहतो, आणि पाव सेकंद बटण दाबले तरी काम होते.

या सर्किटाच्या अनेक आराखड्यांत तो डायोड नसतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ते चालून जाते. १२ व्होल्टवर मात्र बटण न दाबलेले असताना बेसवर १२ आणि एमिटरवर शून्याजवळ व्होल्ट असतात, आणि बीसी ५५७ ची एमिटर-बेस जोड उलट दिशेने ५ व्होल्टपेक्षा जास्त सोसण्याची हमी देत नाही. ती फुटली की बटणाच्या बाजूने प्रवाह चोरवाटेने कपॅसिटरमध्ये शिरतो आणि वेळ अनाकलनीय रीतीने कमी होते. डायोड ही वाट बंद करतो. त्याची किंमत म्हणजे कपॅसिटर पूर्ण रिकामा न होता सुमारे १.३ व्होल्टवर थांबतो, म्हणून दुसऱ्या दाबण्यानंतरची वेळ पहिल्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी भरते. १२० ऐवजी १०८ सेकंद मिळाले तरी जिना चढून होतो.

मेजावरची चाचणी

आधी सर्व जोडणी ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता जोडण्याच्या पाटीवर) करावी आणि ४७० ऐवजी १० मायक्रोफॅरड लावावा, म्हणजे वेळ अडीच सेकंदांच्या आसपास येते आणि चुका लवकर सापडतात. २३० व्होल्ट या टप्प्यावर कोठेही नसावेत. रिलेचा टक् असा आवाज पुरेसा आहे. शांत स्थितीत पिन ३ वर जवळजवळ शून्य आणि बटण दाबल्यावर १०.५ व्होल्टच्या आसपास दिसावेत. रिले ओढला जात असताना बीसी ५४७ च्या कलेक्टर-एमिटरमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर बेसची जोडणी तपासावी.

मग ४७० मायक्रोफॅरड लावून वेळ मोजावी. नव्या किंवा बरेच दिवस पडून असलेल्या कपॅसिटरची पहिली एक-दोन मोजणी जास्त येते, कारण व्होल्टेज मिळाल्यावर त्याची गळती हळूहळू कमी होते. तिसऱ्या-चौथ्या मोजणीवर विश्वास ठेवावा. कपॅसिटरवरील व्होल्टेज वाढताना पाहायचे असेल तर १० मेगाओहमचा डिजिटल मीटरच वापरावा. २० किलोओहम प्रति व्होल्टचा काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचा भार टाकतो, मग कपॅसिटर ५.६ व्होल्टच्या आसपास थांबतो आणि दिवे विझतच नाहीत. सर्किट बरोबर असते, मापनच त्याला अडवत असते.

२३० व्होल्टची बाजू

मुख्य वाहिनीची जोडणी परवानाधारक वायरमनकडून, एमसीबी खाली पाडून आणि टेस्टरने खात्री करूनच करावी. रिलेच्या संपर्काने फेज तोडावा. न्यूट्रल तोडला तर दिवे विझलेले असतानाही होल्डरवर फेज राहतो. फेजच्या मार्गात २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज असावा. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या समांतर पट्ट्यांच्या तयार पाटीवर) रिले बसवला असेल तर त्याच्या संपर्कांच्या आसपासच्या तांब्याच्या पट्ट्या खरवडून काढाव्यात, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट यांच्यामध्ये निदान ८ मिलिमीटर मोकळे अंतर ठेवावे, आणि तारा थेट रिलेच्या पायांवरून स्क्रू-कनेक्टरला न्याव्यात. सगळे बंद प्लास्टिकच्या पेटीत असावे.

रिलेच्या संपर्काला समांतर एक साधा स्विच अवश्य ठेवावा. कोणाकडे सामान चढवायचे असेल किंवा टायमर बिघडला असेल तर दिवे सलग चालू ठेवता येतात.

पंप किंवा चोक यांसारख्या भारासाठी संपर्कावर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर (ठिणगी शमवणारी जोडी) लावण्याचा सल्ला मिळतो आणि तो योग्यच असतो. येथे मात्र तो लावू नये. ०.१ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झवर सुमारे ७ मिलिअँपिअर झिरपतात, आणि तेवढ्याने एलईडी बल्ब विझल्यावरही मंद तेवत किंवा लुकलुकत राहतात. हाच टायमर पंपासाठी वापरायचा झाला तर रिलेने थेट मोटर चालवू नये. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवावी आणि कॉन्टॅक्टरने मोटर.

पंपाच्या बाबतीत आणखी एक फरक पडतो. वीज जाऊन परत आली की पिन २ वरचा कपॅसिटर क्षणभर रिकामा असल्यामुळे हा टायमर आपोआप एकदा चालू होतो. जिन्यात ते उपयोगाचेच आहे, कारण वीज येते त्या क्षणी कोणीतरी अंधारात चाचपडत उभा असू शकतो. पंप असा आपोआप सुरू होणे मात्र चालणार नाही. तेथे पिन ४ थेट पुरवठ्याला न जोडता १० किलोओहममधून जोडावी आणि तिच्यापासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड लावावा, म्हणजे पिन २ सावरेपर्यंत आयसी रीसेट अवस्थेत राहतो. वेळही तासाभराची हवी असेल तर ५५५ वर मोठमोठे कपॅसिटर चढवत न बसता सीडी ४०६० हा मोजणी करणारा आयसी घ्यावा, जो स्वतःच्या जलद ठोक्यांना १६,३८४ पर्यंत भागतो आणि लहान, न गळणाऱ्या कपॅसिटरवर दीर्घ वेळ मोजतो.

पेटी भिंतीवर बसल्यावर प्रीसेट शेवटचा जागेवरच लावावा. ज्या व्यक्तीच्या चालीवरून वेळ ठरवली तिलाच रात्री एकदा वर जायला सांगावे, ती दाराचे कुलूप उघडून आत जाईपर्यंत दिवे राहतात याची खात्री करावी, आणि मग प्रीसेट हलू नये म्हणून त्याच्या फिरत्या भागावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून पेटी बंद करावी.